रूटचा पासवर्ड द्यायचा की रिकामा सोडायचा? वाचनालयाच्या मशीनसाठी माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला वापरातून काढलेली सहा मशीन देणगीत मिळाली. प्रश्नकर्त्याने पहिल्या मशीनवर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम टाकली. इन्स्टॉलरने रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारला, तो दिला, मग स्वतःच्या नावाने खातं तयार केलं. आता त्या खात्यातून सुडो (साध्या खात्यातून रूटचे अधिकार वापरायची कमांड) लावून काहीही करायला गेलं की 'इज नॉट इन द सुडोअर्स फाइल' असं उत्तर येतं. ओळखीतला एक जण म्हणतो, परत फॉरमॅट मारा आणि या वेळी रूटचा पासवर्ड रिकामा सोडा. दुसरा म्हणतो, सरळ रूटनेच लॉगिन करत जा. उरलेल्या पाच मशीनवर काय करू, आणि वाचकांसाठी आपोआप लॉगिन ठेवू का?

फॉरमॅट मारू नका. तुमच्या पहिल्या मशीनची आजची अवस्था आणि मी अशा ठिकाणी मुद्दाम करून ठेवतो ती अवस्था यांत फक्त एका कमांडचा फरक आहे. ती कमांड खाली देतोच. पण उरलेल्या पाच मशीनचा निर्णय घ्यायचा असेल तर इन्स्टॉलर तिथे नेमकं काय करतो ते आधी बघू.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये खात्यांचे पडदे लागोपाठ येतात. आधी रूटचा पासवर्ड, दोनदा. मग तुमचं पूर्ण नाव, मग लॉगिनसाठीचं नाव, मग त्याचा पासवर्ड. रूटच्या पडद्यावर मजकूर बराच आहे आणि त्यातच एक वाक्य आहे की ही चौकट रिकामी ठेवलीत तर रूटचं खातं बंद राहील आणि पहिल्या खात्याला सुडो वापरून रूटचे अधिकार मिळतील. ते वाक्य फार कमी लोक वाचतात. पासवर्डची चौकट दिसली की माणूस पासवर्ड भरतो, आणि चौकट रिकामी सोडणं हासुद्धा एक पर्याय असेल असं त्याच्या मनातही येत नाही. त्यामुळे चौकट भरली की इन्स्टॉलर असं धरून चालतो की या घरात रूट वेगळा आहे आणि तुमचं खातं साधं आहे. मग तो तुम्हाला सुडो नावाच्या गटात टाकत नाही. डेस्कटॉप न टाकता अगदी कमीत कमी सिस्टिम बसवली असेल तर सुडो हा प्रोग्रॅमसुद्धा तिथे नसतो, आणि मग 'कमांड नॉट फाउंड' असं आणखी गोंधळात टाकणारं उत्तर येतं.

इंटरनेटवरच्या सूचना इथे जुळत नाहीत त्याचं कारणही यातच आहे. त्यातल्या बहुतेक उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमसाठी लिहिलेल्या असतात. उबुंटूने २००४ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचं खातं बंद ठेवलं आणि पहिल्या खात्याला सुडो दिला. तिथे रूटचा पासवर्ड कधी विचारलाच जात नाही. फेडोरा या तिसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या इन्स्टॉलरमध्ये 'या खात्याला व्यवस्थापक करा' अशी खूण करायची सोय आहे आणि तिथल्या गटाचं नाव व्हील आहे. म्हणजे एकाच कामाच्या तीन तऱ्हा. उबुंटूवरचा उपाय डेबियनवर चालवला की तुमच्यासारखा अनुभव येतो.

आता दुरुस्ती. कमांड मी उच्चारानुसार लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. टर्मिनल उघडा आणि 'सु -' म्हणजे एस, यू, मग एक जागा, मग हायफन असं द्या. रूटचा पासवर्ड विचारेल, तो द्या. हायफन विसरू नका. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, हायफनशिवाय सु केलं तर तुम्ही रूट होता खरे, पण कमांड शोधण्याची वाट तुमच्या जुन्या खात्याचीच राहते. मग रूटसाठीच्या कमांड सापडत नाहीत आणि माणूस म्हणतो, सिस्टिमच मोडकी आहे. त्यानंतर 'अ‍ॅडयूजर', जागा, तुमचं लॉगिन नाव, जागा, 'सुडो'. झालं. बाहेर पडा, पूर्ण लॉगआउट करा आणि परत लॉगिन करा. गटात घातलेलं माणसाच्या चालू सत्राला कळत नाही, नव्या लॉगिनलाच कळतं. हे न केल्यामुळे 'कमांड चालली पण फरक पडला नाही' अशा तक्रारी दर थोड्या दिवसांनी येतात.

याच कामासाठी काही जण 'यूजरमॉड' आणि मोठ्या अक्षरातला जी सुचवतात. चालतं, पण त्याच्या आधी छोटा ए लावावा लागतो. तो ए राहिला तर माणूस सुडो गटात जातो आणि बाकीच्या सगळ्या जोडलेल्या गटांतून बाहेर फेकला जातो. इन्स्टॉलरने पहिल्या खात्याला ऑडिओ, व्हिडिओ, प्लगडेव्ह, नेटडेव्ह असे बरेच गट दिलेले असतात, ते निघून जातात आणि चार दिवसांनी प्रिंटर नाहीतर स्कॅनर कुरकुरायला लागला की कारण कोणाला आठवत नाही. म्हणून मी अ‍ॅडयूजरच सांगतो.

रूटने रोज लॉगिन करण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. तसंही डेबियनवर ग्नोम या डेस्कटॉपचा लॉगिनचा पडदा रूटला आत घेत नाही. तो अडथळा काढून टाकायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. विंडोज एक्सपीच्या काळात सेटअपमध्ये तयार होणारं प्रत्येक खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायचं, तेही पासवर्डशिवाय. त्या सवयीतून आलेल्या आपल्या पिढीला प्रत्येक वेळी पासवर्ड देणं जाचक वाटतं हे मला कळतं. पण सुडो एकदा पासवर्ड दिला की त्याच टर्मिनलमध्ये पंधरा मिनिटं परत विचारत नाही. एवढं सोसायला हरकत नसावी.

मग उरलेल्या पाच मशीनवर रूटची चौकट भरायची की नाही? हे तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि इथे मी दोन्ही बाजूंनी बोलणार आहे.

घरचा लॅपटॉप, वापरणारा एकच, काही बिघडलं तर पेनड्राइव्ह घेऊन बसायची तयारी असेल तर रिकामी सोडा. एक पासवर्ड कमी लक्षात ठेवायचा. ऑफिसमध्ये सांभाळणारे दोघंतिघं असतील तरीही मी रिकामीच सोडतो, पण वेगळ्या कारणाने. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि सुडो दिला की कोणी कधी काय चालवलं ते नोंदींमध्ये नावानिशी दिसतं. सगळे एकाच रूटने आत गेले तर नोंदीत फक्त रूट दिसतो, आणि 'मी नव्हतो' हे वाक्य चारही दिशांनी ऐकू येतं.

तुमचं वाचनालय या दोन्हींत बसत नाही. मशीन जुनी, हार्ड डिस्क जुन्या, आणि गावातली वीज. यूपीएस सहाही मशीनना असेल असं मी धरत नाही. चालू मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या वेळी सुरू होताना सिस्टिम डिस्क तपासते. बहुतेक वेळा आपली आपण सावरते. पण कधीतरी नुकसान इतकं असतं की ती स्वतःहून दुरुस्त करायला धजत नाही आणि आणीबाणीच्या पडद्यावर येऊन थांबते. दुसरी डिस्क कायमची जोडायची नोंद करून नंतर ती डिस्क काढून नेली तरी हाच पडदा दिसतो, मी हा प्रकार फार वेळा पाहिलाय. रूटचा पासवर्ड असेल तर तिथे तो मागितला जातो, तुम्ही देता, डिस्क तपासायची कमांड चालवता, मशीन उठतं. रूट बंद असेल तर डेबियन त्या पडद्यावर सांगतं, 'कॅननॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड'. एंटर दाबा, परत तेच. तुमच्या खात्याला सुडो असून उपयोग नाही, कारण तिथपर्यंत तुमच्या खात्याचं लॉगिन यायची वेळच आलेली नसते.

त्यातून सुटका आहे. मशीन सुरू होताना सिस्टिम निवडायची जी यादी दिसते, त्या ग्रबच्या यादीवर ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' असं लिहून आत शिरता येतं, किंवा पेनड्राइव्हवरून बूट करता येतं. पण संध्याकाळी सहाला वाचनालयात बसलेल्या कर्मचाऱ्याला फोनवरून हे करायला लावणं म्हणजे दोघांचीही परीक्षा असते. तेच 'पडद्यावर पासवर्ड मागतोय ना, पाकिटातला कागद काढा आणि वाचून टाइप करा' हे कोणालाही जमतं. म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे जाणकार माणूस जागेवर नसतो, तिथे मी रूटला पासवर्ड देतो, शिवाय सांभाळणाऱ्याच्या खात्याला वेगळा सुडो देतो. रूटचा पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, पाकीट कार्यवाहांच्या कपाटात. रोजच्या कामात तो कोणी वापरायचा नाही.

पासवर्ड दिल्याने बाहेरून कोणी रूट म्हणून घुसेल का, असं विचाराल. डेबियनवर एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय, बसवली तरी तिच्या मूळ सेटिंगमध्ये रूटला पासवर्डने आत घेतलं जात नाही, त्यामुळे तो दरवाजा बंदच आहे. आणि रूटचा पासवर्ड समोर बसलेल्या माणसाला अडवतो अशा भ्रमातही राहू नका. वर ग्रबची जी युक्ती सांगितली ती चोरालाही येते. त्याला अडवायचं तर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, आणि मग रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाला सहा मशीनवर सहा वेळा वाक्य टाइप करावं लागतं. वाचनालयातल्या मशीनवर मी ते करत नाही. सभासदांची यादी, वर्गणीचे हिशेब ज्या मशीनवर आहेत तेवढ्या एकावर मात्र नक्की करेन.

आता खात्यांच्या नावांकडे येतो. तुम्ही तुमच्या स्वतःच्या नावाने पहिलं खातं केलंत. घरी ते योग्यच, संस्थेत नको. उद्या तुम्ही दुसऱ्या गावी गेलात तरी मशीनवर तुमच्या नावाचा फोल्डर, तुमच्या नावाचे अधिकार तसेच राहतात, आणि नंतर येणारा माणूस तुमच्याच नावाने लॉगिन करत बसतो. लॉगिनचं नाव नंतर बदलता येतं, पण त्यासाठी ते खातं बंद असताना बाहेरून नाव बदला, होम फोल्डरही हलवा, असा खटाटोप आहे. पहिल्या मशीनवर 'ग्रंथपाल' किंवा तत्सम कामाच्या नावाने नवं खातं करून त्याला सुडो द्या आणि तुमचं खातं नंतर काढून टाका. उरलेल्या पाचवर इन्स्टॉलरमध्येच तेच नाव घाला. लॉगिनचं नाव लहान रोमन अक्षरांतच लागतं. पूर्ण नाव देवनागरीत हवं असेल तर नंतर सेटिंगमधल्या खात्यांच्या पानावर लिहा, लॉगिनच्या पडद्यावर 'ग्रंथपाल' छान मराठीत दिसेल.

नावाइतकाच क्रमही महत्त्वाचा. सिस्टिम माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. डेबियनवर पहिलं खातं १०००, दुसरं १००१, असं पुढे. सहाही मशीनवर पहिलं ग्रंथपाल, दुसरं वाचक, हाच क्रम ठेवा. एका मशीनवर १००१ म्हणजे वाचक आणि दुसऱ्यावर १००१ म्हणजे हिशेबनीस असं झालं, की लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली बॅकअपची डिस्क एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर लावल्यावर हिशेबाच्या फाइली वाचकाच्या मालकीच्या दिसतील. त्याला त्या उघडताही येतील, पुसताही येतील. वरकरणी काहीच बिघडलेलं नसतं, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो. पहिल्या मशीनवर तुमचं वैयक्तिक खातं १००० वर बसलंय, त्यामुळे तिथे ग्रंथपालाला १००१ मिळेल. त्यामुळे त्या मशीनवर अजून काही कामाचा माल नसेल, तर नावासाठी म्हणून ते एक मशीन नव्याने बसवलं तरी मी नाही म्हणणार नाही. सुडोसाठी मात्र त्याची गरज नव्हती.

वाचकांचं खातं वेगळं आणि साधं ठेवा, त्याला सुडो देऊ नका. कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे, वाचकाकडे फक्त सभासदपत्र, तसंच हे. आपोआप लॉगिन ठेवायचं असेल तर याच खात्याला ठेवा, ग्रंथपालाला कधीच नाही. डेबियनचा इन्स्टॉलर हे विचारत नाही, नंतर सेटिंगमधून करायचं. उबुंटू आणि मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र तो पर्याय खात्याच्या पडद्यावरच असतो, आणि तिथे तुम्ही जे खातं तयार करत असता ते नेमकं सुडोवालं असतं. घाईत तिथे आपोआप लॉगिन निवडलं तर मशीन सुरू करणारा प्रत्येक जण व्यवस्थापकाच्या खात्यात बसलेला असतो. सुडो पासवर्ड मागेल हे खरं, पण फाइली, ब्राउझर, साठवलेले पासवर्ड सगळं उघडं.

आपोआप लॉगिनमध्ये एक त्रास ठरलेला आहे. ब्राउझर उघडला की 'कीरिंग अनलॉक करा' अशी चौकट येऊ शकते. ग्नोम तुमचे साठवलेले पासवर्ड एका पेटीत ठेवतं आणि ती पेटी लॉगिनच्या पासवर्डने उघडते. पासवर्ड टाइपच केला नाही तर पेटी बंद राहते आणि ब्राउझर विचारत राहतो. वाचकाच्या खात्यात पासवर्ड साठवायचेच नाहीत, त्यामुळे तिथे त्या पेटीचा पासवर्ड रिकामा केला तरी चालतं. ग्रंथपालाच्या खात्यात तसं करू नका. फायरफॉक्स वाचकासाठी कायम खाजगी खिडकीतच उघडेल असं करून टाका. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरायला येणारी मुलं ई-मेल उघडून तसंच उठून जातात, आणि पुढच्याला त्यांचा इनबॉक्स दिसतो.

डेबियन १२ मध्ये नवं खातं तयार झालं की त्याचा होम फोल्डर दुसऱ्या खात्यांना वाचता येत नाही. आधीच्या आवृत्त्यांत तो सगळ्यांना वाचता येत असे, आणि जुनी सिस्टिम वर चढवत आणली असेल तर जुने फोल्डर तसेच उघडे राहतात. तुम्ही नव्याने बसवताय, म्हणून हा मुद्दा इथेच सोडतो.

पासवर्डबद्दल दोन गोष्टी. सहाही मशीनवर एकच पासवर्ड ठेवायचा मोह होईल. ग्रंथपालाच्या खात्याला ठेवा हवं तर, सहा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार. पण तो 'ग्रंथपाल१२३' किंवा वाचनालयाच्या स्थापनेचं साल असा नको. ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या चाळत फिरणारे प्रोग्रॅम कॅमेऱ्यांपासून राउटरपर्यंत सगळीकडे दारं ठोठावत असतात. २०१६ साली मिराई नावाच्या अशाच प्रोग्रॅमने एवढ्याच भांडवलावर लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची सिस्टिम वर्षानुवर्षं पाय हे नाव आणि रास्पबेरी हा पासवर्ड घेऊन यायची, त्यांनीही एप्रिल २०२२ मध्ये ते बंद केलं आणि पहिल्यांदा सुरू करताना खातं तयार करायला लावलं.

दुसरी गोष्ट कीबोर्डची, आणि मराठी वापरणाऱ्यांना हीच जास्त छळते. इन्स्टॉलरमध्ये जो कीबोर्ड निवडाल त्यानेच पासवर्ड टाइप होतो, आणि पडद्यावर फक्त ठिपके दिसतात. मुख्य कीबोर्ड इनस्क्रिप्ट राहिला तर लॉगिनच्या वेळी पासवर्डची अक्षरं देवनागरीत जातात, ठिपके मात्र तसेच, आणि 'पासवर्ड चुकला' एवढंच दिसतं. इन्स्टॉलरमध्ये अमेरिकन इंग्लिश कीबोर्ड निवडा. मराठी नंतर सेटिंगमधून दुसरा कीबोर्ड म्हणून जोडा. लॉगिन होत नसेल तर आधी कोपऱ्यात कोणती भाषा दिसतेय ते बघायचं, हे कर्मचाऱ्याला सांगून ठेवा.

पाच मशीन हाताने बसवायला हरकत नाही, एक दुपार जाईल. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस असती तर मी प्रीसीडची फाइल केली असती. त्यात रूट हवा की नको, खात्याचं नाव, पासवर्ड, गट, सगळ्याची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात आणि इन्स्टॉलर काही विचारत नाही. तेव्हा पासवर्ड उघडा लिहू नका, हॅश (पासवर्डचं न वाचता येणारं रूप) लिहा, कारण ती फाइल पेनड्राइव्हवर गावभर फिरते.

तर तुमच्या पाच मशीनवर क्रम असा: इंग्लिश कीबोर्ड, रूटला पासवर्ड, पहिलं खातं ग्रंथपाल, पहिल्या लॉगिननंतर 'सु -' करून त्याला सुडो, मग सेटिंगमधून वाचकाचं साधं खातं आणि त्यालाच आपोआप लॉगिन. सुडो दिल्यावर लॉगआउट-लॉगिन करून 'आयडी' ही कमांड चालवा. आलेल्या ओळीत गटांमध्ये सुडो दिसला पाहिजे. नसेल दिसत, तर ती पूर्ण ओळ जशीच्या तशी इथे टाका, बघून सांगतो.